तंजावरची वही, आठ महिन्यांनंतर

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघी तंजावर-कुंभकोणमला जाऊन आलो. आई, मी आणि नववीतली लेक. निघण्याआधी मी जय्यत तयारी केली होती. शंभर जीएसएमच्या, म्हणजे जाडसर, कोऱ्या पानांची वही, खिशात मावणारा फोटो प्रिंटर, डिंकाची कांडी, आणि वस्तू ठेवायला बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा. परत आल्यावर आठवडाभर येईल त्याला सगळं दाखवलं. पण नवी नवरी आठ दिवस गोडच वाटते. त्यानंतर ठाण्याचा पावसाळा झाला, वहीला एकदा पाणी लागलं, लेकीचा फोन बदलला. आता सप्टेंबर संपत आलाय, तेव्हा कशाचा खरंच उपयोग झाला आणि कशावर पैसे उगाच घातले, ते लिहिते.

आधी प्रिंटर, कारण सर्वांत जास्त पैसे त्याच्यावर गेले. याला शाई लागत नाही. रंग कागदाच्याच थरांत असतो आणि आतल्या उष्णतेने उमटतो. फोटो दोन बाय तीन इंचांचा, मागून चिकट. कागदांच्या प्रत्येक पाकिटात एक निळा कागद येतो, तो आधी यंत्रातून जाऊ द्यायचा असतो, म्हणजे यंत्र त्या पाकिटाप्रमाणे रंग जुळवून घेतं. आम्ही चेन्नई एग्मोरहून रात्रीच्या गाडीत बसल्यावर पाकीट फोडलं आणि तो निळा कागद पॅकिंगचा समजून पहिल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकला. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचं ते सकाळच्या उन्हातलं मधाळ विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, प्रिंटरमधून बाहेर आलं ते गुलाबी बर्फीसारखं. दुसऱ्या पाकिटात निळा कागद नीट घातला तेव्हा जरा सुधारलं, पण चेहरे तांबूसच येत राहिले. एक फोटो पडायचा वीस-बावीस रुपयांना. जूनमध्ये कपाटातून काढला तर बॅटरी ठार. दोन तास चार्जिंगला लावून ठेवला तेव्हा कुठे दिवा लागला. उरलेले सात कागद वळून खेकड्यासारखे झालेत.

एका बाबतीत मात्र त्याला पूर्ण मार्क. कुंभकोणमला देवळाबाहेर गजरे विकणाऱ्या बाईंचा फोटो लेकीने त्यांना विचारून काढला, आणि तिथेच छापून त्यांच्या हातात दिला. बाईंनी तो उलटा केला, मागचा कागद सोलला आणि पैशांच्या पत्र्याच्या डब्यावर आतून चिकटवून टाकला. एरवी आपण लोकांचे फोटो काढतो आणि घेऊन येतो, त्यांच्याकडे काहीच राहत नाही. प्रिंटर न्यायचा तर देण्यासाठी न्यावा. आपल्या वहीत लावायला ठाण्याच्या स्टुडिओतून काढलेले चार बाय सहा फार सरस आणि निम्म्याहून स्वस्त. आणि तेही डिंकाऐवजी फोटो कॉर्नर लावून. पांढऱ्या पातळ डिंकाने मी पहिली चार पानं चिकटवली, ती अजून पापडासारखी फुगलेली आहेत.

आता फोटो. तिघींच्या फोनांत मिळून १,३८६. खोटं नाही सांगत, मोजलेत. चोळांची तीन मोठी मंदिरं आम्ही चार दिवसांत पाहिली: तंजावरचं, दारासुरमचं आणि गंगैकोंडचोळपुरमचं. तिथे उभं असताना तिन्हींतला फरक लख्ख कळतो. तंजावरचं विमान दोनशे फुटांवर सरळ चढत जातं, गंगैकोंडचोळपुरमचं वर जाताना आत वळतं, दारासुरम लहान आणि कोरीव, चाकं लावलेल्या दगडी रथासारखं. पण फोनमध्ये तुम्ही काढलेलं असतं काय? एका खांबाचा तुकडा, एक सिंह, एक द्वारपाल. दगड तिन्हीकडे एकाच जातीचा. मार्चमध्ये निवडायला बसले तर साठेक फोटोंवर आम्हा तिघींत वाद. सिंहाचा एक फोटो लेक दारासुरमचा म्हणते, मी गंगैकोंडचोळपुरमचा. त्याचा निकाल आजवर लागलेला नाही.

तारखेवरून लावता येतं, असं म्हणाल. माझे आणि लेकीचे लागले. आईचे सगळे फोटो मी फॅमिली ग्रुपवरून घेतले होते, आणि तिथून आलेल्या फोटोंत ते काढल्याची वेळ, ठिकाण काही उरत नाही. पाठवल्याची तारीख लागते. त्यामुळे आईची अख्खी सहल १९ जानेवारीला रात्री पावणेदहा ते दहा या वेळात झालेली दिसते. वर फोटो आकसलेले, ते वेगळंच. मूळ फोटो हवेत तर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे लागतात, किंवा सरळ केबल लावून घ्यावे लागतात. मला हे कळेपर्यंत आईने ‘जागा भरली’ म्हणून फोन साफ केलेला होता. तिच्याकडे दारासुरमच्या त्या सूर देणाऱ्या दगडी पायऱ्यांचे चांगले फोटो होते. गेले.

यावर उपाय फुकटचा आणि फार साधा आहे. कुठल्याही ठिकाणी पाऊल टाकताना पहिला फोटो तिथल्या पाटीचा काढायचा. पुरातत्त्व खात्याची पाटी, स्टेशनचं नाव, हॉटेलचा बोर्ड, काहीही. पुढच्या पाटीपर्यंतचे सगळे फोटो त्या जागेचे. एप्रिलमध्ये वाईला गेलो तेव्हा हे करून पाहिलं, अर्ध्या तासात सगळे फोटो लागले. १,३८६ पैकी आम्ही शेवटी ९२ ठेवले, त्यांतले ६० छापले. बाकीचे एका हार्ड डिस्कवर टाकलेत, ते कुणी उघडेल असं वाटत नाही.

एका फोटोबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं. व्यंकोजीराजांच्या वंशातल्या दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या आवाराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला आहे. आई खरं तर त्यासाठीच आली होती. आम्ही पोचलो तेव्हा भिंत सावलीत, प्रकाश सपाट. देवनागरी आहे एवढं कळत होतं, पण अक्षर सुटत नव्हतं. मी पंचवीस-तीस फोटो मारले, सगळे करड्या दगडाचे. मग लेकीने फोनचा टॉर्च भिंतीला अगदी टेकवून बाजूने मारला, आणि खाचांत सावली भरून अक्षरं एकेक करत वर आली. आई बोट न लावता हवेतच बोट फिरवत एकेक शब्द वाचायला लागली. मागे चार-पाच तमिळ मुलं जमली. तेवढ्यात तिथे आलेले एक आजोबा मराठीत म्हणाले, वाचा, वाचा, थांबू नका. ते तंजावरचेच, पिढ्यान्‌पिढ्या तिथले. शब्द मराठी, पण हेल पूर्ण तमिळ. लेकीने त्यांना विचारून चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग केलं.

तो बाजूने उजेड टाकलेला एकच फोटो आज आमच्या भिंतीवर आहे. पण घरी पाहुणे आले की लावतो ते रेकॉर्डिंग. त्यात आजोबा बोलतात, मागे घंटा वाजते, आणि आई मधेच ‘हा ‘ळ’ आहे का गं?’ असं विचारते. आवाजाची नोंद करावी हे माझ्या यादीत नव्हतंच. पुढच्या वेळी रोज एक मिनिट तरी करणार.

वहीचं सांगते. पहिल्या दोन दिवसांत मी शाईच्या पेनाने अडीच-अडीच पानं लिहिली. ‘हजार वर्षांपूर्वीचं हे वैभव पाहून मन भारावून गेलं’ अशा थाटाची. आज वाचताना त्यातून एक चित्र डोळ्यांपुढे येईल तर शपथ. तिसऱ्या दिवशी दमून आडवी झाले, पेन सापडेना, तेव्हा आईच्या शब्दकोड्याच्या बॉलपेनने नुसते तुकडे खरडले. ते असे आहेत:

‘डिग्री कॉफी. आईने तीन घेतल्या. दुसरी बिनसाखरेची मागितली, साखर घालूनच आली, तरी प्यायली. म्हणाली, परदेशात काय भांडायचं.’

‘रिक्षावाला दारासुरमला थांबतो म्हणाला आणि खरंच थांबला. मागच्या सीटवर शाळेची बॅग, मुलीची.’

‘लेकीची चप्पल देवळाबाहेरून गेली. तीच चप्पल दुसऱ्या रांगेत सापडली. कुणीतरी नीट लावून ठेवलेली.’

हे तीन तुकडे वाचले की मला त्या दिवसाचा वाससुद्धा येतो. आता माझा नियम एकच: रात्री झोपण्याआधी पाच ओळी, आणि त्यांत एकही विशेषण नको. घरी गेल्यावर नीट लिहू म्हणून जे ठेवलं, ते आजतागायत लिहून झालेलं नाही. गंगैकोंडचोळपुरमच्या नावाने सोडलेली दोन पानं अजून कोरी आहेत.

जुलैत खिडकीतून पाणी आलं आणि वही एक रात्र भिजली. शाईच्या पेनाची अडीच-अडीच पानं निळी रंगपंचमी होऊन गेली. बॉलपेनचे तुकडे ठणठणीत. तेव्हा महागड्या शाईच्या नादी लागू नका. वहीचं मात्र कौतुक. शिवण बांधणीची असल्यामुळे वाळल्यावर एकही पान सुटलं नाही. पंख्याखाली उभी उघडून ठेवली होती आणि पानांत मधेमधे टिपकागद घातले होते.

वहीत चिकटवायला कागद मिळवणं हेही आता अवघड झालंय. रेल्वेचं तिकीट फोनात, बृहदीश्वराला तिकीटच नाही, हॉटेलचं बुकिंग मेलवर. मग मी मिळतील ती बिलं जमवली. त्या मशिनमधून सर्रकन निघणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या पावत्यांवर शाई नसते, उष्णतेने काळं झालेलं रसायन असतं. मी त्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून ठेवल्या, आणि प्लॅस्टिकमुळे त्या उलट लवकर उडतात. मेपर्यंत सगळ्या पांढऱ्याफटक. आमच्या पहिल्या जेवणाची पावती म्हणून आता वहीत एक स्वच्छ कोरा कागद लावलेला आहे. खाली मी लिहिलंय ‘केळीच्या पानावर, चार प्रकारचे भात’. तेवढ्यावरच भागवायचं. पावती हवीच असेल तर तिची झेरॉक्स काढून लावा. राजवाड्यातलं संग्रहालयाचं छापील तिकीट मात्र जसंच्या तसं आहे.

गजऱ्याची फुलं पानांत दाबू नका. पिवळा डाग पडला आणि पावसाळ्यात त्याच पानाला कसर लागली.

पत्र्याच्या डब्यातल्या वस्तूंचं मिश्र प्रकरण आहे. तंजावरची मान डोलावणारी बाहुली आईने साडीत गुंडाळून आणली. ही बाहुली वेगवेगळ्या तुकड्यांची असते. घेर, धड, डोकं असे भाग एकमेकांवर नुसते तोललेले, म्हणून वाऱ्यानेही हलतात. आपण ‘नीट’ बांधून आणली की नेमके त्यांचे टेकू वाकतात. डोकं आता एका बाजूला कललंय आणि ती सतत काहीतरी पटत नसल्यासारखी दिसते. लेकीला तशीच आवडते. घेणार असाल तर भाग सुटे करून, प्रत्येक वेगळा गुंडाळून आणा.

दुसरी खरेदी पितळी डबरा-टंबलरची, म्हणजे कॉफीचा पेला आणि त्याच्या वाटीची, दोन जोड. हे डब्यात कधी गेलेच नाहीत. पहिल्या दिवसापासून सकाळची कॉफी त्यातच. काळे पडतात, चिंच-मीठ लावून घासावे लागतात, कामवाल्या मावशींचा त्यांच्यावर राग आहे. पण डब्यातल्या वस्तू मी आठ महिन्यांत दोनदा पाहिल्या असतील, आणि हे रोज हातात असतात.

खर्चाचं विचाराल तर वही, कांडी, पेन, कॉर्नर आणि साठ छापील फोटो मिळून प्रिंटरच्या पाव किमतीतही बसलं. प्रिंटर आता भावजयीला देणार आहे, तिच्याकडे वाढदिवस फार होतात.

एक पान राहिलं. आम्ही गेलो तेव्हा तिकडे मार्गळी महिना चालू होता. पहाटे दारोदार मोठी कोलम, म्हणजे तिकडच्या रांगोळ्या, मधे शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचं पिवळं फूल. कुंभकोणमला हॉटेलच्या गल्लीत एक बाई ठिपके टाकत होत्या आणि आई शेजारी उभी राहून ओठांतल्या ओठांत मोजत होती. मग एकदम म्हणाली, ‘अगं, हे तर आपलं ११ ते ६!’ ओळीओळीने एक ठिपका कमी, शेवटी सहा. दोघींची भाषा एक नाही, पण बोटांवर हिशेब जुळला. आईने तिथेच पायरीवर बसून बॉलपेनने वहीत कोलम उतरवून घेतलं. डावी बाजू लेकीने माझ्या शाईच्या पेनाने पुरी केली, तिला ते पेन मिरवायचं होतं.

अर्थात जुलैत डावी बाजू धुऊन गेली. यंदा गौरी आल्या त्या सकाळी आई वही उघडून दारात बसली. उजव्या बाजूवरून ठिपके टाकले, डावीकडे निळ्या ढगात काही दिसेना, तर मोजत मोजत गेली. एकदा सातावरच अडकली, पुसलं, पुन्हा टाकलं. भोपळ्याचं फूल बाजारात मिळालं नाही, लेकीने मधे झेंडू ठेवला. वहीच्या त्या पानांच्या शिवणीत आता पांढरी रांगोळी शिरलीय. झटकली तरी थोडी निघतेच.