जुना बाजार आणि पेठेतले रफूवाले चाचा : पुण्यात जुने कपडे घेणाऱ्यांसाठी माझा अनुभव

पुण्यात जुने कपडे घेऊन वापरायचे असतील, म्हणजे इन्स्टावरच्या थ्रिफ्ट पेजचे फोटो बघून नाही तर हातात घेऊन, चाचपून, घासाघीस करून, तर जुन्या बाजाराला पर्याय नाही हे माझं ठाम मत आहे. पण त्याच्या जोडीला एक चांगला रफूवाला पाहिजेच, नाहीतर तिथून आणलेलं निम्मं सामान कपाटात पडून राहतं. म्हणून हा रिव्ह्यू दोघांचा मिळून लिहितेय.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मंगळवार पेठेत, मेट्रोने आलात तर मंगळवार पेठ स्टेशनला उतरून चालत जाता येतं, गाडी आणू नका, लावायला जागा शोधण्यातच जीव जातो. लोक तिथे जुनी नाणी, पितळेची भांडी, पाने-पक्कड, घड्याळं, मोबाईलचे पार्ट वगैरे बघायला जातात आणि कपड्यांच्या ढिगाकडे ढुंकूनही बघत नाहीत, हे आपल्या पथ्यावरच पडतं. ताडपत्रीवर ढीग असतात, शर्ट, पँटी, जॅकेटं, स्वेटर, साड्या, काही ठिकाणी हँगरला टांगलेलं जरा निवडक सामान असतं ते महाग. सकाळी लवकर गेलात तर ढीग उपसायला मिळतो, दुपारी फक्त उरलंसुरलं.

हा माल येतो कुठून असं मला बरेच जण नाक मुरडून विचारतात. अहो, आपल्याच घरातून येतो. आपल्या आयांनी आज्यांनी स्टीलच्या पातेल्यावर बोहारणीला दिलेले कपडे कुठे जातात असं वाटतं तुम्हाला? मूळच्या गुजरातेतल्या देवीपूजक समाजातल्या कितीतरी बायकांचं घर यावर चालतं, दारोदार फिरून डोक्यावर गाठोडं घेऊन कपडे गोळा करायचे, मग ते निवडायचे, धुवायचे, तुटलेली बटणं लावायची, इस्त्री मारायची आणि विकणाऱ्याकडे द्यायचे. आपण ज्याला टाकाऊ म्हणतो त्याच्यावर एवढी मेहनत झालेली असते. थोडा माल परदेशातलाही असतो, वापरलेले कपडे बाहेरून आणायला आपल्याकडे परवाना लागतो, गुजरातेत कांडल्याच्या सेझमध्ये (म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात) असल्या कपड्यांची निवड करणारी युनिटं आहेत, आणि जे अगदीच अंगावर घालण्यासारखं नाही ते पानिपतला जातं, तिथे लोकरीचे कपडे फाडून पिंजून त्याचं परत सूत काढतात आणि ब्लँकेटं बनवतात. पूर किंवा भूकंप झाला की मदत म्हणून वाटतात ती जाडी करडी ब्लँकेटं बरीचशी तिथलीच.

आता मुद्द्याचं. ढिगात हात घातल्यावर बघायचं काय? सगळे आधी किंमत आणि ब्रँड बघतात, आणि तिथेच फसतात. कापड बघा, आणि कपडा उलटा करून बघा. सगळ्यात आधी उजेडाकडे धरायचा, पँट असेल तर बुडाजवळ आणि मांड्यांच्या मध्ये, शर्ट असेल तर कोपरं आणि काखा, तिथे कापड विरलेलं असेल तर आरपार दिसतं, आणि विरलेल्या कापडाला जगात कुणी वाचवू शकत नाही कारण टाका घ्यायला धागाच शिल्लक नसतो. भोक चालेल, विरलेलं नको. मग आतली शिलाई, दोन्ही बाजूंना मार्जिन किती सोडलंय ते बघा, पूर्वी टेलरकडून शिवलेल्या पँटला मागे चांगलं दोन-दोन बोटं कापड आत दाबलेलं असतं, कंबर वाढवता येते, पायाच्या आत दुमड असेल तर उंची वाढवता येते, आणि रफू करायचं झालं तर धागा त्यातूनच मिळतो. हल्लीच्या रेडीमेडला मार्जिन जवळजवळ नसतंच, ओव्हरलॉक मारून काठाला काठ, त्यात काही करायला वाव नाही. चेन दोनदा वर-खाली करून बघा. वास घ्या, कुबट वास धुऊन जातो पण घामाचा जुना वास पॉलिस्टरमध्ये बसला की सहसा जात नाही, सुती कपड्यात तेवढा त्रास नाही. लेबल नसेल आणि कापड कशाचं ते कळत नसेल तर घरी आल्यावर शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा, कागद जळल्यासारखा वास आला तर सुती, केस जळल्यासारखा आला तर लोकर किंवा रेशीम, आणि वितळून टोकाला कडक गोळी झाली तर पॉलिस्टर नाहीतर नायलॉन. त्यावर पुढे धुवायचा कसा आणि इस्त्री किती गरम हे सगळं ठरतं.

मला तिथे मिळालेली सगळ्यात सुंदर वस्तू म्हणजे एक करड्या लोकरीचा कोट, माशाच्या काट्यासारखी वीण असते ना, हेरिंगबोन म्हणतात ते कापड, आत पूर्ण अस्तर, शिंगासारखी दिसणारी बटणं. साडेतीनशेला मिळाला. एवढा स्वस्त का, तर डाव्या बाहीला आणि खिशाच्या वर कसर लागलेली, मुगाएवढी भोकं. विकणाऱ्याने लपवलं नाही, स्वतःच दाखवलं, याचं मला कौतुक वाटतं. कोट घरी आणल्यावर आधी घट्ट पिशवीत बांधून चार-पाच दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवला, कारण लोकर खाते ती कसरीची अळी, तिची अंडी शिवणीत असली तर तुमच्या कपाटातल्या बाकीच्या लोकरीचीही वाट लागेल. हे लोकरीच्या प्रत्येक जुन्या कपड्याला कराच. सुती कपडे आणल्यावर पहिल्यांदा सरळ गरम पाण्यात धुवा म्हणजे ढेकणाचीही भीती नाही.

आणि मग चाचा. रविवार पेठेत, जिथे बटणं, चेन, अस्तर, लेस यांची होलसेल दुकानं आहेत त्याच बाजूला एका जिन्याखाली त्यांची जागा आहे, एक स्टूल, एक लाकडी पेटी आणि एक ट्यूबलाईट, एवढंच. पाटी नाही. गाव यूपीत नजीबाबादकडचं, तिकडचे रफूगर देशभर पसरलेत आणि हे काम घराण्यात चालत आलेलं आहे, चाचांनी त्यांच्या वडिलांकडून शिकलं. कोट हातात घेतल्यावर त्यांनी भोकाकडे बघितलंच नाही, आधी कोट उलटा केला, खालची दुमड उसवली आणि आतलं कापड दोन बोटांत चोळून म्हणाले, "धागा निकलेगा. हो जायेगा."

मला बसून बघू दिलं त्यांनी. दुमडीच्या आतलं जे कापड कधी बाहेर दिसणार नाही त्यातून एकेक धागा ओढून काढला, करडे वेगळे, काळपट वेगळे. भोकाच्या कडेचा भुसा कातरीने साफ केला. मग केसासारखी बारीक सुई, आधी सगळे उभे धागे, भोकाच्या दोन्ही बाजूंना चांगल्या कापडात थोडे आत शिरून, आणि त्यांचे छोटे लूप कडेला सैल ठेवलेले, कारण धुतल्यावर धागा आकसतो आणि ताणून बसवला तर तिथे चुणी पडते. मग आडवे धागे, एक वर एक खाली असं साधं नाही, दोन वर दोन खाली आणि प्रत्येक ओळीला एक धागा सरकवून, म्हणजे कोटाची जी तिरकी वीण आहे तीच परत विणायची, आणि काट्याची दिशा जिथे बदलते तिथे ह्यांचीही दिशा बदलते. हे सगळं ते मोजत नव्हते, बोलता बोलता चाललेलं. शेवटी ओलं फडकं ठेवून वरून इस्त्री, फडकं काढलं आणि बोटाने घासून लोकरीचे तंतू उठवले. मी भोक शोधत बसले, हाताला किंचित जाड लागतं, डोळ्याला नाही दिसत. माझ्या अंगावर काटा आला खरं सांगते.

पैसे भोकागणिक घेतात, लोकरीला जास्त. माझ्या कोटाला कोटाच्या किमतीपेक्षा जास्त खर्च आला आणि मला तो एक रुपयाही जड वाटला नाही. कारण एवढ्या कापडाचा नवा कोट शिवायचा म्हटलं तर हजारोंचा हिशोब होतो, आणि इतकं दाट विणलेलं कापड आता दुकानात मिळायचंही अवघड. ज्यांना "जुन्यावर एवढा खर्च?" असं वाटतं त्यांना मी हेच सांगते की तुलना कोटाच्या विकत किमतीशी नको, कापडाशी करा.

त्यांची दुसरी गोष्ट मला फार आवडते, होणार नसेल तर सरळ नाही म्हणतात. पातळ मलमलचा कुर्ता नेला होता, म्हणाले ह्याला रफू दिसणारच, लोकरीचे तंतू एकमेकांत मिसळतात, सुताचे नाही मिसळत, पैसे घालवू नका, त्यापेक्षा वर एखादं फूल भरून घ्या. जीन्सला म्हणाले हाताची रफू टिकणार नाही, आतून पट्टी लावून मशीनने मारून घ्या, आणि तेही शेजारच्या टेलरकडे पाठवलं. बाबांचे जाड सुती शर्ट होते, बाकी ठणठणीत पण कॉलरची घडी विरलेली, तर म्हणाले टेलरला सांगा कॉलर उसवून पलटी करून लावायला. कॉलरची खालची बाजू कोरी करकरीत असते, ती वर येते, विरलेली बाजू मानेखाली जाते. आधीच्या पिढीत हे सर्रास करायचे, आता टेलरला सांगितलं तर तोंडाकडे बघतात, दोघा-तिघांनी नाही म्हटलं, शेवटी एका बाईंनी करून दिलं. शर्ट अजून बाबा रोज घालतात.

आजीची एक इरकल मधोमध फाटायला लागली होती, पुढेमागे ठीक, मध्येच जिथे बसता-उठता ताण येतो तिथे. चाचांनी बघून मान हलवली. घरी आईला दाखवली तर ती म्हणाली अगं दंड घाल ना. विरलेला पट्टा कापून टाकायचा आणि दोन चांगले तुकडे मध्ये जोडायचे, तो जोड निऱ्यांमध्ये जाईल असा बघायचा. पूर्वी दंड घातलेली लुगडी नेसून बायकांनी वर्षानुवर्षं काढली, त्यानंतर त्याचं जुनेर व्हायचं, मग बाळाची दुपटी, मग गोधडीचे थर. आपल्याकडे हे सगळं होतंच की. दंड घालून ती साडी मी ऑफिसला नेसते, लांबीला आणि घेराला थोडी कमी भरते एवढंच.

घरच्या काळजीबद्दल फार पाल्हाळ लावत नाही, मला खरोखर फरक पडलेल्या गोष्टी तेवढ्या सांगते. लोकर आणि रेशीम रिठ्याच्या पाण्यात, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि आडवं वाळत घालायचं. लोकर कपाटात ठेवताना धुऊनच ठेवा, घामाचे अन्नाचे डाग असले की अळी तिथेच आधी जाते, आणि डांबरगोळ्या उघड्या कपाटात टाकून उपयोग नाही, बंद पेटीतच त्यांचा वास कोंडून राहतो. पैठणी किंवा जरीची कुठलीही साडी असेल तर सुती कापडात गुंडाळा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, जरीची तार तुटते ती घडीवरच. रंगीत कपडे एरवी उलटे करून गार पाण्यात, आणि उन्हात नाही तर सावलीत. आणि लोकरीचा जुना कपडा अनोळखी लाँड्रीत देण्याआधी विचारून घ्या ते इस्त्री थेट मारतात की फडकं ठेवून, माझ्या एका ब्लेझरवर एका लाँड्रीने अशी काही थेट इस्त्री फिरवली की कोपरं चकाकायला लागली, ती चकाकी काही गेली नाही.

आता कमी कुठे आहे तेही सांगायला पाहिजे. जुन्या बाजारात ट्रायल रूम नाही, म्हणून स्वतःच्या मापाची टेप आणि घरच्या एका नीट बसणाऱ्या शर्टाची मापं लिहून न्या, छाती, खांदा, बाही. बदलून मिळत नाही. बायकांच्या मापाचं वेस्टर्न सामान फार कमी, पुरुषांचेच शर्ट-कोट जास्त. पावसाळ्यात जाऊच नका, ढीग ओला असतो आणि ओल्या ढिगातला कपडा म्हणजे बुरशीचे काळे ठिपके, ते निघत नाहीत. पाकीट पुढच्या खिशात ठेवा, गर्दी असते. आणि प्लीज, घासाघीस करा पण पन्नासच्या शर्टाला दहा रुपये म्हणू नका, तो शर्ट कुणीतरी धुऊन इस्त्री करून आणलाय.

चाचांचं म्हणाल तर वेळ लागतो, दोन आठवडे धरूनच चाला, लग्नाच्या सीझनला तर शालू-शेरवान्यांची रांग असते तेव्हा महिनासुद्धा. शुक्रवारी दुपारी नमाजला जातात तेव्हा जागा बंद. फोनवर रेट सांगत नाहीत, कपडा हातात बघितल्याशिवाय बोलतच नाहीत आणि ते बरोबरच आहे. धुतलेला कपडा न्या, मळका घेत नाहीत. नवीन कोणी हाताखाली शिकत नाहीये, मुलगा दुसऱ्या नोकरीत आहे, नजरही आता पूर्वीसारखी नाही म्हणतात, म्हणून बारीक काम सकाळच्या उजेडातच करतात. तुमच्या घरात एखादी आजोबांची शाल, बाबांचा लग्नातला सूट, कसर लागलेलं स्वेटर पडलेलं असेल तर या डिसेंबरच्या गर्दीआधी घेऊन जा, सकाळी अकराच्या सुमाराला, आणि कपड्याच्या आतली दुमड कापलेली नाही ना ते आधी बघून घ्या.