कुलूप चांगले, किल्ल्यांची यादी कच्ची
आमच्या कंपनीत चिकट द्रव्यांची मिश्रणे, पुरवठादारांचे दर आणि ग्राहकनिहाय सवलती एका सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या ताब्यात देऊन वर्ष झाले. पेटंट घेतले तर कृती जाहीर करावी लागते आणि संरक्षण अर्जापासून साधारण २० वर्षांचे मिळते. गुपित मात्र फुटेपर्यंत आपलेच राहते, म्हणून आम्ही दुसरा मार्ग निवडला. १९९५ पासून लागू असलेल्या ट्रिप्स कराराच्या (जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेविषयीचा करार) कलम ३९ नुसार, माहिती गुप्त ठेवण्यासाठी मालकाने वाजवी उपाय केलेले असावे लागतात, आणि त्या दृष्टीने या सेवेची नोंदवही फार उपयोगी आहे: कोणती फाइल कोणी, केव्हा उघडली, छापली किंवा बाहेर पाठवली, हे मिनिटासह दिसते. दरपत्रक उघडताच पानभर तिरप्या फिकट अक्षरांत उघडणाऱ्याचे नाव उमटते. मोबाइलने पडद्याचा फोटो काढणे त्याने थांबत नाही, पण काढणारा दहादा विचार करतो.

खटकले ते वेगळेच. विक्री विभागातील एक सहकारी नोकरी सोडून गेल्यावर त्याचे खाते बंद केले, तरी त्याने पूर्वी तयार केलेल्या सामायिक दुव्यावरून ग्राहकयादी नऊ दिवस उघडत राहिली. मदतकक्षाने हे ‘अपेक्षित वर्तन’ असल्याचे कळवले! (अपेक्षा कोणाची, हे सांगितले नाही.) आता प्रत्येक दुव्याला मुदत घालण्याचे काम आम्ही हाताने करतो. शोधसुविधा संथ आहे, मराठी फाइलनावे मात्र बिनचूक सापडतात. नूतनीकरण केले आहे, पण सहाच महिन्यांचे.