घरी बाळंतपणाचं पॅकेज : सोलापुरात आमचे 38 हजार कसे गेले

घरच्या घरी नैसर्गिक बाळंतपण करून देते असं सांगणाऱ्या एका बाईने आमच्याकडून 38 हजार रुपये घेतले. ती मिडवाइफ, म्हणजे बाळंतपणाचं रीतसर शिक्षण घेतलेली परिचारिका, नव्हती, साधी नर्सही नव्हती. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण माझ्या नणंदेचं बीपी वाढत होतं आणि ही बाई तिला ‘सगळं छान चाललंय’ म्हणत होती, याचा संताप जास्त आहे. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांत तिची जाहिरात अजूनही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

नणंद पुण्याला असते. पहिलं बाळंतपण म्हणून डोहाळजेवण झाल्यावर माहेरी आली ती एकच धास्ती घेऊन, की सिझर करतील. ही धास्ती उगाच नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी रुग्णालयांमधल्या बाळंतपणांपैकी 47.4 टक्के सिझरने झाल्याची नोंद आहे. सरकारी रुग्णालयांत हेच प्रमाण 14.3 टक्के. तिच्या ओळखीतल्या बहुतेक मुलींचं सिझरच झालेलं. त्यात सासूबाईंची थोरली दोन्ही मुलं साखर पेठेतल्या जुन्या घरात सुईणीच्या हातची, त्यामुळे घरी बाळंतपण म्हटल्यावर आमच्याकडे कुणी दचकलं नाही. त्या बाईला नेमकी अशीच घरं हवी असतात.

ती आली, जमिनीवर मांडी घालून बसली, सासूबाईंच्या पाया पडली. नणंदेचा हात हातात घेऊन ‘तुझ्या शरीराला सगळं ठाऊक आहे’ वगैरे खूप वेळ बोलली. फाइलमधून एक रंगीत सर्टिफिकेट काढलं, त्यावर इंग्रजीत ‘बर्थ’ आणि ‘केअर’ असे शब्द होते, आणि खाली तिने पेनने एक ‘रजिस्ट्रेशन नंबर’ लिहून दिला. पॅकेज 65 हजारांचं. त्यात घरी येऊन तपासण्या, बाळंतपण, पाण्याच्या टबचं भाडं, ‘बॅकअप डॉक्टर’चे 10 हजार आणि ‘अ‍ॅम्ब्युलन्स स्टँडबाय’चे 7 हजार. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, टब कशाने भरायचा, असं मी विचारलं, तर म्हणाली, ‘टँकर सांगू की.’ अर्ध्याहून जास्त रक्कम आगाऊ घेतली, तीही एका पुरुषाच्या नावच्या खात्यावर.

तिने काय विचारलं नाही, ते आता डोळ्यांपुढे येतं. हिमोग्लोबिन किती, रक्तगट कुठला, सोनोग्राफीत वार (प्लॅसेंटा) कुठे आहे, आधीचं बीपी काय, यातलं एकही नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं, हे जिला माहीत आहे ती पहिल्या भेटीतच रक्तगट विचारते.

आमच्या भागातल्या नागरी आरोग्य केंद्रातल्या सिस्टर लसीकरणाच्या फेरीत घरी आल्या तेव्हा हे उघडं पडायला लागलं. नणंदेच्या पायांवर सूज होती. त्या बाईने ‘सोलापूरचं ऊन आहे, पाय सुजणारच’ असं सांगून मिठाच्या पाण्यात पाय बुडवायला लावलं होतं. सिस्टरनी तोंडाकडे पाहिलं, डोळ्यांखालीही सूज दिसली, म्हणाल्या, ‘ताई, चला आधी केंद्रात.’ बीपी 150/100. लघवीत प्रथिनं. गरोदरपणात 140/90 च्या वर गेलं की ते उन्हाचं कारण राहत नाही. त्यातून झटके येऊ शकतात, बाळाचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. अशा बाईचं बाळंतपण घरी करायचं नसतं.

सिस्टरनी मला दोन गोष्टी त्या बाईला विचारायला सांगितल्या. पहिली, ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन कुठे ठेवता? उत्तर आलं, ‘माझ्या बॅगेत कायम असतं.’ हे औषध 2 ते 8 अंश तापमानात, म्हणजे फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात ठेवावं लागतं. आपल्याकडच्या 42 अंशांत बॅगेत पडून त्याचा जोर जातो. बाळ बाहेर आल्यावर आईच्या मांडीत 10 युनिट देतात ते रक्तस्राव रोखायला, म्हणजे जीव वाचवायलाच. वर ती म्हणाली, ‘कळा मंदावल्या तर त्यानेच वाढवते.’ हे ऐकून सिस्टरचा चेहराच उतरला. बाळ पोटात असताना घरी हे इंजेक्शन टोचलं तर गर्भाशय फाटू शकतं, बाळ गुदमरू शकतं. दुसरा प्रश्न, बाळ रडलं नाही तर काय कराल? ‘पाठीवर थोपटलं की रडतं.’ शिकलेल्या मिडवाइफकडे बाळाला श्वास देणारी पिशवी आणि मास्क असतो आणि पहिल्या मिनिटाच्या आत तो वापरायचा असतो.

मग एकेक धागा ओढला. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे चौकशी केली, तर तो नंबर दुसऱ्याच एका परिचारिकेचा. सर्टिफिकेट ऑनलाइन शिबिराचं, बाळंतिणीला धीर देणाऱ्या सोबतिणीसाठीचं. तसं काम करणाऱ्या चांगल्या बायका आहेत, पण त्यांनी बाळंतपण करायचं नसतं. ज्या डॉक्टरांचं नाव ‘बॅकअप’ म्हणून लिहिलं होतं, त्यांनी तिचं नावही ऐकलं नव्हतं. अ‍ॅम्ब्युलन्स म्हणजे 108 ला फोन, जो कुणीही फुकट करू शकतो. गरोदर बाईला ने-आण करायला 102 ची गाडीही मोफत आहे. त्याचे तिने 7 हजार लावले होते.

मिडवाइफ हा शब्द हल्ली कुणीही लावतं, म्हणून सांगते. आपल्याकडे एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग यांपैकी परिचारिकेचा एखादा अभ्यासक्रम करून राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी लागते. 2018 साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मिडवायफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात नोंदणीकृत नर्सना वर 18 महिन्यांचं प्रशिक्षण आहे आणि त्यांनी काम करायचं ते रुग्णालयाला जोडलेल्या कक्षांत. तुमच्या दारी येणारीला नोंदणीचा मूळ कागद मागा आणि त्यावरचं नाव तिच्या आधार कार्डाशी ताडून पाहा. ‘कुठल्या बाईला तुम्ही घरी बाळंतपणाला नाही म्हणता?’ हेही विचारा. आधीचं सिझर, जुळं, पायाळू बाळ, वार खाली असणं, वाढलेलं बीपी, कमी रक्त, ही नावं तिच्या तोंडून आपणहून यायला हवीत. आमची बाई म्हणाली होती, ‘मी कुणालाच नाही म्हणत नाही.’ ज्या डॉक्टरांचं नाव सांगेल त्यांच्या दवाखान्यात तिच्याशिवाय जाऊन या.

नणंदेचं बाळंतपण सरकारी रुग्णालयात झालं. 37 आठवडे पूर्ण झाल्यावर कळा सुरू केल्या, तेच ऑक्सिटोसिन, पण सलाइनमधून थेंब मोजून आणि बाळाचे ठोके सतत बघत. सिझर लागलं नाही. मुलगी झाली. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे औषधं, तपासण्या, जेवण, कशालाही पैसे पडले नाहीत. सिझर झालं असतं तरी पडले नसते. हा कार्यक्रम 2011 पासून आहे आणि आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या घरांत त्याबद्दल कुणी बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पैसे मागितले तेव्हा ‘बुकिंग परत मिळत नाही’ एवढा मेसेज आला आणि नंबर ब्लॉक झाला. पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे, नर्सिंग कौन्सिलला त्या नंबराचं पत्र गेलं आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दावा टाकला आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत 2 वर्षांची. तिला पैसे दिलेलं आणखी कुणी असेल तर चॅट पुसू नका, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि तिने हाताने लिहिलेला कागद जपून ठेवा. आणि ज्यांचे दिवस अजून भरायचे आहेत त्यांनी पैशांचं नंतर बघावं, आधी जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन बीपी आणि लघवी तपासून घ्यावी, तीही आजच.