पैकीच्या पैकी कोण देतं? होमस्टेच्या रेटिंगचा चौदा महिन्यांचा अनुभव

गुहागरला खालच्या पाटात आमचं घर. मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडी संपली की समुद्र. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये दोन खोल्या नीट करून आम्ही एका बुकिंग ॲपवर टाकल्या. ॲपचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते थोड्याफार फरकाने सगळीकडे तसंच आहे. बुकिंग वेळेवर येतात, पैसे खात्यात जमा होतात, कॅलेंडर पुण्याहून लेक सांभाळते. त्याबद्दल काही म्हणणं नाही. लिहायचंय ते स्टारबद्दल.

पहिल्या आठ पाहुण्यांनी पाच-पाच स्टार दिले. मग जुलैत मुंबईचं एक कुटुंब आलं, दोन लहान मुलं बरोबर. त्या रात्री वाऱ्याने कुठेतरी तारेवर फांदी पडली आणि साडेआठला लाइट गेली ती पहाटे अडीचला आली. इन्व्हर्टर अकरापर्यंत पुरला. मी कंदील लावला, कुळथाचं पिठलं आणि गरम भात वाढला, मुलांना ओसरीवर वारा लागेल अशी अंथरुणं घातली. मध्यरात्रीपर्यंत मी आणि हे आळीपाळीने त्यांच्यापाशी बसलो होतो. निघताना बाईंनी माझा हात धरून आभार मानले. चार दिवसांनी रिव्ह्यू आला : घर स्वच्छ, काकूंचं जेवण फार छान, पण लाइट नसल्याने मुलं झोपली नाहीत. स्टार तीन.

त्यांनी खोटं काही लिहिलं नाही, हे मी आजही म्हणते. मुलं जागी राहिली, त्यांचा त्रास खरा होता. पण हिशोब बघा. आठ पाच आणि एक तीन, सरासरी ४.७८. आमच्या ॲपवर नावापुढे चांगल्या घराचा बिल्ला हवा तर किमान ४.८ लागतात आणि दर तीन महिन्यांनी तपासणी होते. आणखी एकाने पाच दिले असते तर बरोबर ४.८ झाले असते. पण श्रावणात कोणी आलं नाही, गणपतीत आम्हीच पाहुणे घेत नाही, आणि ऑक्टोबर उजाडताना बिल्ला गेला. यादीत खाली गेलो आणि दिवाळीच्या सुट्टीत एक खोली चार रात्री रिकामी राहिली. एक तीन स्टार भरून काढायला नऊ जणांचे पाच लागतात. कुणी एक दिला तर एकोणीस जणांचे. शंभर खोल्यांच्या हॉटेलात एवढी माणसं दोन दिवसांत येऊन जातात. आमच्याकडे दोन खोल्या आणि मध्ये चार महिने पाऊस.

त्याहून जास्त मनाला लागले ते चार स्टार, तेही सगळ्यात प्रेमाने दिलेले. नोव्हेंबरात साताऱ्याचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या मिसेस तीन दिवस राहिले. त्यांनी लिहिलं, घरच्यासारखं वाटलं, पुन्हा नक्की येणार. आणि डिसेंबरात खरोखर आले. तेव्हा मी धीर करून विचारलं, सर, काही कमी पडलं होतं का? ते चकितच झाले. म्हणाले, ‘अहो वहिनी, पैकीच्या पैकी मी एकतीस वर्षांत कुणाला दिले नाहीत. पाचात चार म्हणजे डिस्टिंक्शन!’ आपल्याकडे बहुतेकांची समजूत हीच असते. चार म्हणजे उत्तम, पाच म्हणजे देवाघरचं. ॲपच्या लेखी मात्र चार म्हणजे काहीतरी बिघडलंय. देणाऱ्याने शाबासकी म्हणून दिलेला आकडा घेणाऱ्याच्या खात्यात वजा होतो, आणि स्टार द्यायच्या पानावर हे पाहुण्याला कुणी सांगत नाही.

लेकीने मला बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१५ चा एक अभ्यास समजावून सांगितला. एअरबीएनबी या घरं भाड्याने देण्याच्या ॲपवरच्या जवळजवळ ९५ टक्के घरांची सरासरी साडेचार किंवा पाच स्टार निघाली होती, आणि ट्रिपॲडव्हायझर या प्रवाशांच्या रिव्ह्यूंच्या साइटवर हॉटेलांची सरासरी ३.८ होती. म्हणजे सगळी गर्दी वरच्या अर्ध्या स्टारात. तिथे ४.९ आणि ४.७ मधला फरक घराचा नसतो, कधीकधी एका रात्रीच्या पावसाचा असतो.

शब्दांचा मात्र मला फायदाच झाला. तिघांनी वेगवेगळ्या वेळी खाजगी सूचनेत लिहिलं की न्हाणीघरात ओलीचा वास येतो. आम्हाला सवयीने तो येतच नव्हता. एक्झॉस्ट फॅन बसवला, भिंत खरवडून पुन्हा रंगवली. एका आजींनी लिहिलं की ओसरीची पहिली पायरी फार उंच आहे, तिथे आता चिऱ्याची अर्धी पायरी आहे. असा रिव्ह्यू कितीही कडक असो, मी तो न्याय्यच मानते, कारण तो माझ्या हातातल्या गोष्टीबद्दल आहे. लाइट, मोबाइलची रेंज, चिपळूणहून येतानाचा रस्ता, याचे स्टार माझ्या नावावर का? त्याला वेगळा रकाना हवा.

आम्हीही पाहुण्यांना रेटिंग देतो. एअरबीएनबीने जुलै २०१४ पासून दोघांचे रिव्ह्यू एकदमच उघडायची पद्धत आणली. दोघांनी लिहिलं किंवा चौदा दिवस उलटले की मगच दिसतात. आमच्या ॲपवरही तसंच आहे, आणि ते चांगलं आहे, लगेच वचपा काढता येत नाही. तरी भीती राहतेच, कारण मी काय लिहिते ते पुढचे पाहुणे वाचतात. फेब्रुवारीत एका ग्रुपने झोपाळ्याची कडी तोडली, विहिरीच्या काठावर बाटल्या फोडल्या. दुसऱ्या दिवशी अनवाणी हिंडणाऱ्या आमच्या गड्याच्या पायात काच गेली. मी त्यांच्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. ते माझं चुकलं. पुढच्या घरच्या बाईला सावध करायचं काम माझं होतं.

भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं. रोख खोट्या रिव्ह्यूंवर आहे आणि ते पाळणं ऐच्छिक आहे. पण खऱ्या माणसाने खऱ्या मनाने दिलेल्या चार स्टारांचं काय करायचं, हा माझा प्रश्न त्यात सुटत नाही.

आता आमच्या पानावर पहिलीच ओळ आहे : पावसाळ्यात लाइट जाते, इन्व्हर्टरवर पंखा आणि एक दिवा चालतो, एसी नाही. आजवर ३७ रिव्ह्यू झाले. एकतीस पाच, पाच चार, आणि तो एक तीन. सरासरी ४.८१, एप्रिलच्या तपासणीत बिल्ला परत मिळाला. गेल्या आठवड्यात नाशिकचं जोडपं होतं, रात्री तीन तास लाइट नव्हती. दोघं ओसरीवर बसून पाऊस बघत होते, सकाळी दोनदा घावन मागून घेतले. त्यांचा रिव्ह्यू अजून यायचाय. चार आले तर ४.७९, आणि पुढची तपासणी १ जुलैला आहे.