किचनच्या वायरिंगमध्ये ६८,५०० रुपयांना फसवलं, तुम्ही तरी वायर सोलून बघा

लिहायला लाज वाटते. पण तोच वायरमन आता पलीकडच्या वाडीत दुसऱ्या किचनचं काम धरून बसलाय, म्हणून लिहितेय.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्राच्या अगदी जवळ. चिऱ्याचं जुनं स्वयंपाकघर यंदा नवं केलं. वायरमनने वहीच्या पानावर सहा वेगळ्या लाइन काढून दिल्या. इंडक्शन, ओव्हन आणि सिंकखालच्या गीझरला ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, फ्रिज, मिक्सर, प्युरिफायरला २.५ ची. वायर २७,३००, मजुरी २४,०००, डीबी (स्विचची मुख्य पेटी) आणि त्यातले एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारे स्विच) १०,७००, अर्थिंग ६,५००. सामान त्यानेच आणलं, बिल कच्चं. ते तिथेच थांबवायला हवं होतं. वायर स्वतः दुकानात जाऊन, पक्क्या बिलावर घ्या.

प्लास्टरच्या आदल्या दिवशी मी चहा घेऊन गेले तेव्हा तो वायर कापत होता. खाली पडलेला तुकडा उचलला, तर तार वरून तांबूस आणि कापलेल्या टोकाला पांढरी. विचारलं, तर म्हणाला, "ताई, खाऱ्या हवेसाठी कथिल असतं, बोटीत हीच वापरतात." बोटीच्या वायरला कथिल असतं हे खरं आहे, म्हणून मला पटलं. पण कथिल वर असतं आणि तांबं आत! माझ्या हातात नेमकं उलटं होतं. लहानपणापासून भांड्यांना कथिलाची कल्हई लावलेली बघितलीय मी, ती पितळेवर थरासारखी बसते, पितळेच्या पोटात नसते. तो तुकडा हातात असताना एवढं सुचलं नाही, याचा संताप अजून जात नाही. चूल मागच्या पडवीत, सासूबाई आजारी, चतुर्थी आठवड्यावर. मी तरी कुठे कुठे बघणार होते?

नंतर ओव्हन आणि इंडक्शन एकत्र लावले की १६ अँपिअरचा एमसीबी पडायचा. "एमसीबी खराब निघाला" म्हणत त्याने ३२ चा बसवला. पडणं थांबलं, मी आभार मानले! एमसीबी पडत असेल तर आधी वायर तपासा, मोठा एमसीबी कोणालाही लावू देऊ नका.

चतुर्थीला घरात चौदा माणसं. इंडक्शनवर मोदक वाफेला, ओव्हन चालू, किटली चालू. जळका वास आला आणि ओव्हनचा सॉकेट काळा पडून वितळला. दुसऱ्या वायरमनने उघडून दाखवलं: सहा नाही, दोनच लाइन. डीबीतल्या चार एमसीबींना पुढे वायरच नाही. आतली वायर १.५ ची, तीही तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. अर्थिंगची हिरवी वायर भिंतीत नुसतीच संपलेली. वायर ओढायला भिंतीत पाइपही नाहीत, म्हणून नव्या फरशा फोडाव्या लागल्या. नवं वायरिंग ४६,२००, फरशा ११,३००. एकूण १,२६,००० रुपये गेले.

पोलिसांकडे गेले. "हे दिवाणी आहे, मिटवून घ्या." साधी पोच देईनात, तीन खेपा झाल्या. वीज कार्यालयात "मीटरच्या पुढचं आमच्याकडे येत नाही." त्याच्याकडे परवाना आहे का एवढंच विचारलं, तर साहेब दौऱ्यावर, सोमवारी या. सोमवारी गेले तर लेखी अर्ज आणा. अर्ज दिला तर तो इथला नाही, जिल्ह्याला द्या. चौदा माणसं जळाली असती तर कोणाच्या टेबलावर गेलं असतं हे? एकानेही तो वितळलेला सॉकेट हातात घेऊन बघितला नाही.

आता ग्राहक आयोगात जातेय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, मुदत २ वर्षं. पैसे रोख देऊ नका, मी ३०,००० रोख दिले, त्याला पुरावा नाही. प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. एकेक एमसीबी खाली पाडून कोणता सॉकेट बंद होतो ते बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. आरसीसीबी (शॉक लागला की वीज तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरचाच मागा, ओल्या हाताने मिक्सर लावतो आपण.

त्या वायरचा वीतभर तुकडा ठेवलाय. ज्यांचं काम चालू असेल त्यांनी येऊन बघून जा, ब्लेडने खरवडून दाखवते.