दिवस भरले, कळा नाहीत: थांबायचं की कळा सुरू करून घ्यायच्या?

तारीख उलटली आणि कळांचा पत्ता नाही, की घरात दोन गट पडतात. एक म्हणतो, पहिलटकरणीला उशीर होतोच, बाळ आपल्या वेळेला येईल. दुसरा म्हणतो, दिवस वर गेलेत, आता जोखीम नको, ॲडमिट हो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण निर्णय नुसत्या तारखेवर घेऊ नये. कळा आणण्याचं कारण काय, आठवडे नेमके किती झाले आणि गर्भपिशवीचं तोंड कितपत तयार आहे, या तीन गोष्टी हातात असल्याशिवाय थांबणं आणि इंडक्शन (म्हणजे उपाय करून कळा आणणं) यांची तुलनाच होऊ शकत नाही.

आधी आठवडे पक्के करा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस म्हणजे ४० आठवडे. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख धरतात. नवव्या महिन्यातल्या रिपोर्टवर छापलेली तारीख बाळाच्या मापांवरून काढलेली असते आणि ती दोन-तीन आठवड्यांनीही चुकू शकते. त्या तारखेवरून "दिवस वर गेले" म्हणून कोणी ॲडमिट व्हायला सांगत असेल, तर जुनी फाईल उघडून दाखवा. नेमक्या दिलेल्या तारखेला बाळंत होणाऱ्या बायका शंभरात चार-पाचच असतात.

जिथे तुलना करत बसू नये

काही कारणं अशी आहेत की थांबण्याचा पर्याय जवळपास उरतच नाही. ३७ आठवड्यांनंतर बीपी वाढून लघवीत प्रथिनं जाऊ लागली, बाळाची वाढ खुंटली, गर्भजल फार कमी झालं, मधुमेहाला इन्सुलिन लागतंय आणि साखर ताब्यात नाही, किंवा तळहात-तळपायांना खाज सुटून रक्तातलं पित्ताम्ल वाढलं, तर बाळ आत ठेवण्यापेक्षा बाहेर आणणं सुरक्षित असतं. किती आठवड्यांना आणायचं ते आजाराच्या तीव्रतेवर ठरतं. पूर्ण दिवसांत पाणी (गर्भजल) गेलं आणि कळा आल्या नाहीत, तरी तास मोजले जातात, कारण वेळ जाईल तसा आत जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. पाणी गेल्याची वेळ आणि रंग लिहून ठेवा. हिरवट पाणी दिसलं तर लगेच निघा.

याउलट वार (प्लॅसेंटा) खाली गर्भपिशवीच्या तोंडावर असेल, बाळ आडवं असेल किंवा आधीच्या सिझेरियनमध्ये गर्भपिशवीवर उभा छेद घेतलेला असेल, तर कळा आणायच्याच नाहीत.

सगळं नीट असताना: ३९ ते ४१ आठवडे

खरी दुविधा इथे आहे. आईचं बीपी-साखर ठीक, बाळ हलतंय, पाणी पुरेसं, फक्त कळा नाहीत.

इंडक्शन केलं की सिझेरियनच होतं, ही समजूत मुंबईत घरोघरी ऐकू येते. २०१८ साली अमेरिकेत ६,१०६ निरोगी पहिलटकरणींवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३९व्या आठवड्यात कळा सुरू केलेल्या गटात सिझेरियन १८.६ टक्के झाली, थांबलेल्या गटात २२.२ टक्के. थांबलेल्यांमध्ये बीपीचा त्रासही जास्त जणींना झाला. म्हणून सगळ्यांनीच ३९व्या आठवड्यात ॲडमिट व्हावं, असा त्याचा अर्थ नाही. त्या अभ्यासात तोंड उघडायला भरपूर वेळ दिला जात होता. १२ तासांत "प्रगती नाही" म्हणून ऑपरेशनला नेणाऱ्या ठिकाणी हे आकडे लागू पडत नाहीत.

दुसऱ्या टोकाला ४२ आठवडे. स्वीडनमध्ये ४१ आठवड्यांना कळा आणणं आणि ४२ पर्यंत थांबणं यांची तुलना करणारा अभ्यास २०१९ साली मध्येच थांबवावा लागला, कारण थांबलेल्या गटात ६ बाळं दगावली आणि दुसऱ्या गटात एकही नाही. ४१ आठवडे पूर्ण झाल्याचं नक्की असेल तर कळा सुरू कराव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस आहे. आमचं मत स्पष्ट आहे: ४० ते ४१ हा आठवडा थांबण्यासारखा आहे, ४१ नंतरचा नाही.

मात्र थांबणं म्हणजे नुसतं घरी बसणं नव्हे. आठवड्यातून दोनदा एनएसटी, म्हणजे पोटाला पट्टे लावून साधारण २० मिनिटं बाळाचे ठोके पाहणं, आणि सोनोग्राफीत पाण्याचं माप. पोटाचे चार भाग धरून मोजलेल्या पाण्याची बेरीज ५ सेंटिमीटर किंवा कमी आली, की थांबण्याचा विषय संपला. घरी रोज जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून हालचाली मोजा. २ तासांत १० झाल्या नाहीत तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, सकाळची वाट पाहू नका. एवढ्या फेऱ्या जमणार नसतील, म्हणजे राहायला विरार किंवा बदलापूरला आणि नाव परळला घातलेलं असेल, तर इंडक्शनचं पारडं जड होतं. जुलैमधल्या भरतीच्या दिवशी पाणी तुंबून लोकल बंद पडल्या असताना हालचाल कमी वाटली, तर हाच विचार आधी न केल्याचं महागात पडतं.

मधला मार्ग म्हणजे स्वीपिंग. ओपीडीत आतून तपासताना बोट फिरवून पाण्याची पिशवी गर्भाशयाच्या भिंतीपासून सुटी करतात. त्यासाठी तोंडात बोट शिरण्याइतकी जागा लागते. दुखतं, नंतर थोडं रक्ताळलेलं जातं, पण ३९ आठवड्यांनंतर हे केल्याने औषधांनी कळा आणण्याची वेळ थोडी कमी जणींवर येते. करण्यापूर्वी विचारलं जायला हवं. तुम्ही नको म्हणू शकता. एरंडेल मात्र घेऊ नये. त्याने जुलाब आणि उलट्या होतात, अंगातलं पाणी कमी होतं आणि बाळंतपणाला लागायच्या आधीच बाई थकते.

तोंड किती तयार?

आतून तपासल्यावर डॉक्टर पाच गोष्टींना गुण देतात: तोंड किती उघडलं, किती पातळ झालं, मऊ आहे की घट्ट, मागे वळलेलं आहे की पुढे आलंय, आणि बाळाचं डोकं किती खाली आहे. याला बिशप स्कोअर म्हणतात. पूर्ण गुण १३. आठ किंवा अधिक असतील तर सलाईन लावून आणि पाण्याची पिशवी फोडून काम होतं. सहा किंवा कमी असतील तर आधी तोंड मऊ करावं लागतं आणि वेळ फार वाढतो. "माझा स्कोअर किती?" हा प्रश्न ॲडमिट होण्यापूर्वीच विचारा. कारण तातडीचं नसेल आणि स्कोअर २ असेल, तर दोन-तीन दिवस थांबून पुन्हा तपासून घ्या असं म्हणण्यात काही गैर नाही.

जेल, गोळी की फुगा?

बाईला नेमका कसा अनुभव येणार, ते बरंचसं या निवडीवर ठरतं. गंमत म्हणजे याबद्दलच सगळ्यात कमी सांगितलं जातं.

जेल म्हणजे डायनोप्रोस्टोन. मुंबईत "जेल लावलं" म्हणतात ते हेच. ०.५ मिलिग्रॅमची सिरिंज फ्रिजमधून काढून गर्भपिशवीच्या तोंडाच्या आत सोडतात. नंतर अर्धा तास आडवं पडून राहायचं, नाहीतर ते वाहून येतं. दुसरा डोस ६ तासांनी, २४ तासांत जास्तीत जास्त तीन. शेवटच्या डोसनंतर ६ तास जाईपर्यंत सलाईनचं औषध सुरू करायचं नसतं. कमरेत आणि ओटीपोटात पाळीसारखं दुखणं सुरू होतं. त्याला कळा समजून घाबरू नका. तोटा असा की कळा फार जोरात आल्या तर जेल परत काढता येत नाही. दमा असेल तर आधी सांगा. याच औषधाची १० मिलिग्रॅमची पट्टीही मिळते. ती महाग असते, पण दोरी ओढली की बाहेर येते.

गोळी म्हणजे मिसोप्रोस्टॉल. स्वस्त, फ्रिज लागत नाही, परिणाम चांगला. डोस २५ मायक्रोग्रॅम: गिळून दर २ तासांनी किंवा योनीमार्गात दर ६ तासांनी. गडबड होते ती इथे. इतर कामांसाठीच्या गोळ्या १०० आणि २०० मायक्रोग्रॅमच्या असतात. त्यांचे तुकडे केले तर प्रत्येक तुकड्यात सारखं औषध येत नाही आणि कळांवर कळा येऊ शकतात. २५ची अख्खी गोळी आहे का, हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. आधीचं सिझेरियन असेल तर ही गोळी घ्यायचीच नाही, गर्भपिशवी फाटण्याचा धोका असतो.

फुगा म्हणजे लघवीसाठी वापरतात तोच फॉलीचा कॅथेटर. गर्भपिशवीच्या तोंडातून आत सरकवून ३० ते ६० मिली सलाईनने फुगवतात आणि नळी किंचित ताणून मांडीला चिकटवतात. दाबाने तोंड ३-४ सेंटिमीटर उघडलं की फुगा आपोआप गळून पडतो, बऱ्याचदा बाथरूममध्ये. तेव्हा दचकू नका, सिस्टरना सांगा. घालताना त्रास होतो, पण बेसुमार कळा येण्याची भीती सगळ्यात कमी. आधीचं सिझेरियन असून नॉर्मलचा प्रयत्न करायचा असेल, तर बहुतेक डॉक्टर फुग्याकडेच वळतात. पाणी गेलेलं असेल किंवा वार खाली असेल तर सहसा वापरत नाहीत.

पहिलटकरणीसाठी, तोंड बंद आणि घाई नाही अशा वेळी, आमची पसंती फुगा किंवा नेमक्या डोसची गोळी. पाणी गेलं असेल तर गोळी.

यानंतर कळांचं सलाईन, म्हणजे ऑक्सिटोसिन. साधारणपणे ५०० मिलीच्या बाटलीत ५ युनिट घालतात. २० थेंबांना १ मिली होणाऱ्या सेटमधून मिनिटाला ४ थेंब म्हणजे २ मिलियुनिट. दर अर्ध्या तासाने वेग वाढवत १० मिनिटांत तीन-चार कळा येईपर्यंत नेतात. पंपावर लावलं तर वेग पक्का राहतो. नुसत्या चाकीवर असेल तर हात वाकवला की थेंब मंदावतात, सरळ केला की धावतात. तेव्हा सोबतच्या बाईने थेंबांवर नजर ठेवावी, पण चाकीला हात लावू नये. १० मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा येऊ लागल्या, किंवा एक कळ ओसरण्याआधी दुसरी आली, तर लगेच हाक मारा. सलाईन बंद करून कुशीवर वळवलं की बहुतेकदा बाळाचे ठोके सावरतात.

या कळा आपोआप येणाऱ्या कळांपेक्षा लवकर जोर धरतात, शरीराला सवय व्हायला वेळ मिळत नाही. त्यामुळे एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करणारं कमरेतलं इंजेक्शन) हवं असेल तर ते ठरवून ठेवा. ते घेण्यासाठी तोंड ठरावीक सेंटिमीटर उघडण्याची वाट पाहावी लागत नाही.

किती वेळ?

तोंड बंद असलेल्या पहिलटकरणीला २४ तास, कधी दुसरा दिवसही लागतो. हे घरच्यांना आधी सांगा, म्हणजे सहाव्या तासाला "अजून का नाही?" असे फोन सुरू होणार नाहीत. पाणी फुटून ऑक्सिटोसिन १२ ते १८ तास चालल्याशिवाय "इंडक्शन फसलं" म्हणू नये, अर्थात आई आणि बाळ ठीक असतील तर. पाण्याची पिशवी शाबूत असेल तर औषध थांबवून, जेवून, झोपून दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात करता येते. ठोके बिघडले तर मात्र तासांचा हिशोब बाजूला ठेवून सिझेरियनला होकार द्या.

पालिकेचं रुग्णालय की खासगी नर्सिंग होम?

पालिकेची केईएम, सायन, नायर, कूपर, ट्रस्टचं परळचं वाडिया किंवा राज्य सरकारचं सीएसएमटीजवळचं कामा अशा मोठ्या ठिकाणी डॉक्टर रात्रीही वॉर्डात असतात. कळा आणताना ही सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे, कारण बिघाड वेळ सांगून येत नाही. सरकारी योजनेत बाळंतपण, सिझेरियन, औषधं आणि रक्त मोफत असतं. उणी बाजू म्हणजे गर्दी, शेजारच्या खाटेपासूनचा अपुरा आडोसा, नवऱ्याला लेबर रूममध्ये सहसा प्रवेश नाही, आणि एपिड्युरल मिळेलच असं नाही. केंद्र सरकारच्या सूचनेनुसार एक बाई सोबत राहू शकते. आई, सासू किंवा बहिणीचं नाव आधीच सांगून ठेवा. नाव घातलेलं नसेल तर ऐनवेळी दुसरीकडे पाठवलं जाण्याची शक्यता असते.

खासगीत खोली, ओळखीचे डॉक्टर आणि एपिड्युरल मिळतं. पण लहान नर्सिंग होममध्ये चार गोष्टी विचारून घ्या: रात्री २ वाजता डॉक्टर आवारात असतात की फोनवर? भूलतज्ज्ञ किती मिनिटांत पोचतात? ठोक्यांचं यंत्र सतत लावता येतं का? बाळाला एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) लागला तर कुठे नेणार? उत्तरं गुळमुळीत असतील तर तिथे आपोआप कळा येऊन बाळंत होणं ठीक, इंडक्शन नको. विम्यात प्रसूतीची मर्यादा वेगळी असते, दोन दिवसांचं इंडक्शन आणि मग सिझेरियन असं बिल धरून रक्कम तपासा.

बाळ झाल्यावरही थोडं लक्ष लागतं. तासन्‌तास ऑक्सिटोसिन चाललं की गर्भपिशवी थकते, नीट आवळत नाही आणि रक्तस्राव वाढू शकतो. पहिल्या दोन तासांत पॅड १५ मिनिटांच्या आत भिजत असेल, गरगरत असेल किंवा पोट वरून मऊ लागत असेल, तर सिस्टरना तिथल्या तिथे बोलवा. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, तर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन घेतल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका.