तिसऱ्या मजल्यावरच्या पाइपात झाडाची मुळं दाखवली आणि ३३,२९९ रुपये नेले

बाथरूममध्ये ड्रेनेजचा वास येतोय म्हणून कुणाला बोलावणार असाल, तर आधी हे वाचा. माझे ३३,२९९ रुपये गेलेत. फोडून ठेवलेली फरशी परत बसवायला ६,४५० वेगळे. आणि वास ज्याने खरोखर थांबला, त्याला लागले ८६० रुपये, मजुरीसकट.

आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो, तिसऱ्या मजल्यावर. एप्रिलचं ऊन सुरू झालं आणि मागच्या बाथरूममध्ये कुजक्या अंड्यासारखा वास यायला लागला. सकाळी दार उघडलं की नुसता भपकारा. सासूबाईंची खोली त्याला लागूनच, आणि त्यांना दम्याचा त्रास. मिस्टर अंबडला कंपनीत, शिफ्टमध्ये. फिनेल झालं, डांबरगोळ्या झाल्या, ॲसिड झालं. नेहमीचा प्लंबर रोज 'उद्या येतो ताई' म्हणायचा. पार्किंगमध्ये मीटर बॉक्सवर 'कॅमेऱ्याने ड्रेनेज तपासणी' असं स्टिकर होतं, आणि तोच नंबर सोसायटीच्या ग्रुपवरही कुणीतरी टाकलेला होता. म्हणजे मी काही रस्त्यावरून माणूस धरून आणला नव्हता.

पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल. छापील टी-शर्ट, बोलणं गोड, वाक्यावाक्याला 'ताई'. तपासणीचे १,४९९. त्याच दिवशी 'केमिकल ट्रीटमेंट', ७,८००. कसलंतरी निळसर पाणी सगळ्या जाळ्यांमध्ये ओतलं, वरून दोन-तीन बादल्या साधं पाणी. आणि वास गेला! मिस्टरांनाही पटलं. काही दिवसांनी परत सुरू झाला, तेव्हा हाच माणूस म्हणतो, "केमिकलने जाऊन परत आला म्हणजे पाइप आतून फुटलाय, ताई." ऐकणाऱ्याला खरंच वाटेल असं बोलणं.

मग तो कॅमेरा. वायर जाळीतून आत सोडली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर तांबूस, मातकट पाइप, मधोमध आडवी चीर, आणि त्या चिरेतून आत आलेली पांढरी बारीक मुळं, पाण्यात हलणारी. मी ते बघितलं. डोळ्यांनी बघितलं! तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या पाइपात झाडाची मुळं कुठून येणार? आमच्या बिल्डिंगच्या मागच्या बाजूला सगळे पाइप उघड्यावर आहेत, करड्या पीव्हीसीचे, गॅलरीतून रोज दिसतात. मातीचा पाइप आमच्याकडे नाहीच. तो व्हिडिओ कुठल्यातरी जमिनीखालच्या जुन्या लाइनचा होता, आधीपासून मोबाइलमध्ये ठेवलेला. आजही तो आठवला की झोप उडते. पण आतून सासूबाई खोकतायत, तो माणूस म्हणतोय 'हा गॅस आहे ताई, म्हाताऱ्या माणसांना वाईट', अशा वेळी पाइपाचा रंग कोण बघतं? तुमच्या घरात असं माणूस असतं तर तुम्हीही पैसे दिले असते.

एकूण काम ४१,००० चं सांगितलं, ॲडव्हान्स २४,०००. क्यूआर स्कॅन केला तर नाव भलत्याचंच. 'अकाउंट भावाच्या नावावर आहे' म्हणाला. असं कुणी म्हणालं की तिथेच थांबा. दुसऱ्या दिवशी दोन पोरं ब्रेकर घेऊन आली, कमोडच्या बाजूच्या फरश्या फोडल्या आणि 'पाइप ऑर्डर केलाय' सांगून गेली. त्यानंतर आठवडाभर फोनवर 'सिंहस्थाच्या कामांमुळे माणसं नाहीत', मग फोन बंद.

शेवटी द्वारका चौकाजवळच्या एका हार्डवेअरवाल्याने ओळखीचे प्लंबर काका पाठवले. त्यांनी हत्यार काढलंच नाही. प्रत्येक जाळी, बेसिनचा पाइप जिथे भिंतीत जातो ती जागा, सगळं प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिकटपट्टीने बंद करायला सांगितलं. रात्रभर दार लावून ठेवायचं आणि सकाळी एकेक पिशवी काढत वास घ्यायचा, तोही बाहेरून आलेल्या माणसाने, कारण या वासाला आपलं नाक सरावतं. कोपऱ्यातल्या जाळीची पिशवी काढली आणि सापडलं. तिथे आधी वॉशिंग मशीन होतं. ते गॅलरीत हलवल्यापासून त्या जाळीत पाणी जातच नव्हतं, वर प्लास्टिकचा ड्रम ठेवलेला. जाळीखालच्या खोलगट भागात, त्याला ट्रॅप म्हणतात, साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच पाणी कायम उभं असावं लागतं. तेच पाणी खालचा गॅस अडवतं. उन्हाने ते आटलं होतं. म्हणजे त्या ७,८०० च्या केमिकलने काही केलं नव्हतं. वरून ओतलेल्या बादलीने ट्रॅप भरला म्हणून वास थांबला, आणि पाणी आटलं तसा परत आला. शिवाय बेसिनचा पाइप भिंतीतल्या पाइपात नुसता खुपसलेला, रबर नाही, बाजूने बोटभर फट. रबर, नवी जाळी आणि ५०० मजुरी, झालं. वापरात नसलेल्या जाळीत आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. गावाला जाणार असाल तर पाण्यावर चमचाभर गोडेतेल सोडा, लवकर आटत नाही.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: 'मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे.' खोटा व्हिडिओ दाखवून पैसे काढले, यात सिव्हिल काय? पावती कच्ची आहे, पत्ता नाही, मग आम्ही शोधायचं कुठे, हे मलाच विचारलं. मोबाइल नंबर आहे, खातं आहे, ज्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव आहे, अजून काय हवं? 'ऑनलाइन गेलेत ना, मग सायबरला जा.' तिथे म्हणाले, तुम्ही स्वतःहून पाठवलेत, ओटीपी चोरीला गेलेला नाही, हे आमच्यात बसत नाही. बँकेत तेच, 'व्यवहार तुम्हीच केलाय.' ड्रेनेजचं बघणाऱ्या कार्यालयात गेले, निदान असे लोक फिरतायत म्हणून नोटीस तरी लावा म्हटलं, तर आवाराच्या आतली लाइन आमच्याकडे येत नाही म्हणे. मी लाइन दुरुस्त करा म्हणतच नव्हते! अर्जाची पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेत. टॅक्स एक दिवस उशिरा भरला तर दंड लगेच लागतो, आणि भरदिवसा लुटलेल्या बाईचा अर्ज घ्यायला कुणाला वेळ नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ग्रुपवरचा तो नंबरसुद्धा मी तीनदा सांगितल्यावर काढला.

कॅमेऱ्याची तपासणी करायचीच असेल तर वायर आत सोडण्याआधी कॅमेऱ्यासमोर आपला हात धरा. स्क्रीनवर तोच हात दिसला नाही तर माणसाला तिथूनच परत पाठवा. पैसे गेल्याचं लक्षात आलं की त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, मी उशीर केला असं मला सगळीकडे ऐकवलं गेलं. ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर बांधकामातला दोष रेरा कायद्याप्रमाणे बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, आधी त्याला लेखी पत्र द्या.

आता ग्राहक आयोगात जाते आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांची मुदत आहे. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, सिडको भागात कुणाला असाच मुळांचा व्हिडिओ दाखवून पैसे घेतले असतील, तर पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि ती कच्ची पावती फेकू नका. मला कळवा. एकाच माणसाने अनेकांना तोच व्हिडिओ दाखवलाय हे समोर आलं, तर 'सिव्हिल मॅटर' म्हणून कुणाला हात झटकता येणार नाहीत.